मापात पाप

जागतिक बँकेने १६ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच दप्तरातील एका काळ्या पानाचे जाहीर वाचन केले. 'डुइंग बिझनेस' या नावाने २००३ पासून निघणारा तिचा अहवाल, ज्यातील क्रमांकासाठी जगभरची सरकारे झुरत असत, तो कायमचा बंद करीत असल्याचे तिने त्या दिवशी घोषित केले आणि विल्मरहेल या वकिली पेढीने केलेल्या चौकशीचे निष्कर्षही लोकांपुढे ठेवले. २०१७ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या अंकाच्या कच्च्या खर्ड्यात चीनचा क्रमांक ८५ वा लागत होता. छापून आला तो ७८ वा, म्हणजे आदल्या वर्षी होता तोच. मधल्या दिवसांत बँकेच्या अध्यक्षांच्या कार्यालयातून पृच्छा झाल्या, तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी क्रिस्टालिना जॉर्जिएव्हा यांनी लक्ष घातले, पद्धतीतल्या फटी शोधण्यात आल्या आणि निवडक आकडे बदलताच चीन सात पायऱ्या वर चढला, असे चौकशी सांगते. दोन वर्षांनी सौदी अरेबियाच्या बाबतीतही आकडे हलवले गेले. सर्वाधिक सुधारणा करणारा देश म्हणून जॉर्डनचे नाव पहिले येणार होते, ते खाली सरकले. जॉर्जिएव्हा यांनी आपल्यासंबंधीचे निष्कर्ष अमान्य केले, ही गोष्टही न्यायाने नोंदवली पाहिजे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या वाडीतली फुले, केळी आणि भाजी पिढ्यान्‌पिढ्या दादर-भायखळ्याच्या बाजारात गेली आहे. काटा मारणाऱ्या दलालाला काय म्हणतात हे त्यांना शिकवायला नको. दलाल पावशेर मारतो आणि पकडला गेला तर बाजारात त्याला तोंड दाखवणे कठीण होते. जगाला वजनमापे पुरवणाऱ्या पेढीने सात क्रमांक मारले, तेव्हा त्या कृत्याला 'माहितीतील अनियमितता' असे सोज्ज्वळ नाव मिळाले. आमोस संदेष्ट्याने माप लहान करणाऱ्या आणि वजन मोठे करणाऱ्या व्यापाऱ्यांवर कोरडे ओढले, त्याला हा शब्द ठाऊक नव्हता.

हे क्रमांक काय मोजत होते? नवा धंदा सुरू करण्यास किती दिवस लागतात, बांधकामाचा परवाना किती टेबलांवरून फिरतो, विजेची जोडणी, मालमत्तेची नोंदणी, करभरणा, दिवाळखोरीचा निकाल, अशा गोष्टी. १९० देशांची उतरंड लावली जात असे. भारत २०१४ च्या ऑक्टोबरात निघालेल्या अंकात १४२ वा होता, २०१९ च्या अंकात ६३ वा आला. पहिल्या पन्नासांत बसण्याचा संकल्प आपल्या सरकारने जाहीरपणे सोडला होता. भारताच्या आकड्यांत फेरफार झाल्याचे चौकशीत निघालेले नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. तथापि या अहवालापुरता भारत म्हणजे दिल्ली आणि मुंबई ही दोनच शहरे होती. बाकीचा देश मापात धरलेलाच नव्हता. मुंबईत गोदामाचा परवाना चार दिवस लवकर मिळाला की सबंध भारतवर्ष वर चढत असे, आणि पालघरच्या पाड्यावर काय झाले याने एक क्रमांकही इकडचा तिकडे होत नसे.

बरे, कोणी सावध केले नव्हते असेही नाही. बँकेच्याच मूल्यमापन विभागाने २००८ मध्ये दाखवून दिले होते की हा अहवाल नियमांचा खर्च तेवढा मोजतो, त्यांचा लाभ मोजत नाही. कामगाराच्या डोक्यावर शिरस्त्राण असावे असा नियम केला तर कारखानदाराला किती भुर्दंड, हे कळणार. किती कपाळे वाचली, ते कळणार नाही. २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे माजी अर्थमंत्री ट्रेव्हर मॅन्युएल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही एकत्रित उतरंडच रद्द करा, अशी शिफारस केली. ती बाजूला ठेवण्यात आली, कारण उतरंडीतच बँकेचा दरारा होता. चार वर्षांनी त्याच उतरंडीत चीन सात पायऱ्या चढला.

आणि त्याच सुमारास बँक आपल्या भागधारक देशांकडे भांडवलवाढीसाठी पदर पसरून उभी होती. एप्रिल २०१८ मध्ये १३ अब्ज डॉलरची वाढ मंजूर झाली. चीन हा त्यातला वजनदार भागधारक. म्हणजे ज्याच्या वहीवर गुण द्यायचे त्याच्याकडेच देणगीसाठी जायचे, असा हा शाळामास्तर. त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा फार काळ चालली नाही.

पुढे काय झाले? जॉर्जिएव्हा तोवर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या होत्या. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी निधीच्या कार्यकारी मंडळाने त्यांच्यावर पूर्ण विश्वास व्यक्त केला. २०२४ मध्ये त्यांना दुसरी कारकीर्द मिळाली. बंद केलेल्या अहवालाच्या जागी 'बी-रेडी' नावाचा नवा अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात काही चांगले बदल आहेत. पण प्रश्न अहवालाच्या नावाचा कधीच नव्हता.

या पदाचा अलीकडचा इतिहासच पाहावा. रॉड्रिगो रॅटो २००४ ते २००७ या काळात निधीचे प्रमुख होते. पुढे स्पेनमधील बँकेच्या पैशांच्या अपहाराबद्दल त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली आणि २०१८ मध्ये ते तुरुंगात गेले. त्यांच्यानंतरचे डॉमिनिक स्ट्रॉस-कान यांना मे २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अटक झाली व त्यांनी राजीनामा दिला. तो फौजदारी खटला सरकार पक्षाने पुढे मागे घेतला. त्यांच्यानंतरच्या क्रिस्तीन लगार्द यांना १९ डिसेंबर २०१६ रोजी फ्रान्सच्या विशेष न्यायालयाने, त्या अर्थमंत्री असतानाच्या एका प्रकरणात, निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले, शिक्षा मात्र दिली नाही. निधीच्या मंडळाने त्याच दिवशी विश्वास व्यक्त केला. शेजारच्या इमारतीत जागतिक बँकेचे अध्यक्ष पॉल वुल्फोवित्झ यांना आपल्या निकटवर्ती सहकारी महिलेच्या पगारवाढीच्या प्रकरणावरून २००७ मध्ये पायउतार व्हावे लागले होते. हे सर्व गुन्हे सारख्या वजनाचे नाहीत आणि काहींचा निधीच्या कारभाराशी संबंधही नाही. तरी एखाद्या धर्मग्रामात लागोपाठचे चार खजिनदार अशा ना तशा प्रकरणात सापडले, तर भाविक केवळ पाचवा खजिनदार शोधत बसतील का? खजिनदार नेमतो कोण, हे ते विचारतील.

आम्हीही तेच विचारतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने लहानांना अडखळण होणाऱ्याविषयी जी भयंकर ताकीद दिली आहे, तिथे मूळ ग्रीक शब्द 'स्कांदालोन' आहे. युरोपीय भाषांतील घोटाळ्याचा शब्द त्याच मुळातून आला. वर्तमानपत्री अर्थाने घोटाळा म्हणजे मोठ्यांची फजिती. शुभवर्तमानाच्या अर्थाने मोठ्यांची फजिती ही गोष्टच दुय्यम आहे. वाटेत धोंडा ठेवल्याने लहान कोण पडला, याची चौकशी मुख्य. २०२१ च्या त्या प्रकरणात साऱ्या चर्चा एका बाईंची खुर्ची राहणार की जाणार यावर झाल्या. जॉर्डनचे काय झाले, खोट्या उतरंडीवर डोळे लावून ज्या देशांनी आपले कायदे वाकवले त्यांचे काय, सूडाच्या भीतीने गप्प बसलेल्या बँकेच्या कर्मचाऱ्यांचे काय, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती.

तर नेमतो कोण? जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स या गावी ४४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि या दोन्ही संस्थांचा आराखडा ठरला. परतंत्र भारताच्या शिष्टमंडळात रायगड जिल्ह्यातील नाते गावचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख होते. भारताचा हिस्सा तेव्हा ४० कोटी डॉलर, म्हणजे सहाव्या क्रमांकाचा ठरला; सोव्हिएत रशिया आत आलाच नाही, म्हणून आपण पाचवे झालो आणि कार्यकारी मंडळावर हक्काची जागा मिळाली. पारतंत्र्यातल्या भारताला तिथे जे स्थान होते ते स्वतंत्र भारताला पुढे टिकवता आले नाही. आज जगातील दर सहा माणसांमागे जवळजवळ एक भारतीय असून निधीत आपली मते सुमारे २.६ टक्के आहेत. अमेरिकेची साडेसोळा. घटनेतील बदलास ८५ टक्के मते लागतात, तेव्हा एकट्या अमेरिकेने मान हलवली नाही तर काहीही हलत नाही. शिवाय एक अलिखित वाटणी आहे: निधीचा प्रमुख युरोपचा, बँकेचा अमेरिकेने निवडलेला. बँकेचे विद्यमान अध्यक्ष अजय बंगा यांचा जन्म पुण्याजवळच्या खडकीचा, म्हणून २०२३ मध्ये आपल्याकडे बरेच पेढे वाटले गेले. ते अमेरिकेचे नागरिक आहेत आणि अमेरिकेने सुचवले म्हणून तिथे आहेत, हे पेढे खाताना कोणाच्या ध्यानात आले नाही.

वसईच्या वाचकांना हे निराळ्या रीतीने सांगता येईल. आपल्या समाजाने १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी केली, ती 'एक सभासद, एक मत' या सहकाराच्या तत्त्वावर. हजार भाग असलेल्या बागायतदाराचे आणि एक भाग असलेल्या मच्छीमाराचे मत वार्षिक सभेत सारखेच. आमच्या आजोबांच्या पिढीला जे न्याय्य वाटले, ते वॉशिंग्टनच्या विद्वानांना अव्यवहार्य वाटते. त्यांचा युक्तिवाद असा की ज्याचा पैसा जास्त, त्याचा धोका जास्त, म्हणून त्याची मते जास्त. हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. पण धोका फक्त देणाऱ्यालाच असतो काय? निधीच्या अटींमुळे धान्यावरील अनुदान गेले, तर ज्या घरात एक वेळची चूल बंद होते त्याने पत्करलेला धोका कोणत्या रकान्यात मांडायचा?

ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे हे काळे पान उघडण्याच्या तीनच आठवडे आधी, निधीने साथीच्या संकटावर उपाय म्हणून ६५० अब्ज डॉलर मोलाचे विशेष चलनाधिकार सदस्य देशांना वाटले. वाटप हिश्शाच्या प्रमाणात. सर्वांत गरीब देशांच्या सबंध गटाच्या पदरात त्यातले सुमारे २१ अब्ज पडले. दुष्काळात शिधा वाटायचा आणि ज्याची कणगी मोठी त्याला जास्त घालायचा, अशी ही दानत.

मतांच्या फेरवाटपाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. डिसेंबर २०१० मध्ये एक मर्यादित सुधारणा ठरली. अमेरिकी काँग्रेसने ती पाच वर्षे अडवली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती अंमलात आली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा हिश्शांचा आढावा झाला, तेव्हा सर्वांचे हिस्से ५० टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले, पण सर्वांचे सारख्याच प्रमाणात. भाकरी मोठी झाली, तुकडे होते तसेच राहिले.

दुसरे मूळ आहे ते कायद्यापासून मिळालेल्या अभयाचे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आपल्या भागातील किती कुटुंबांच्या तोंडचे पाणी पळाले हे सर्वांना ठाऊक आहे. पण निदान तिथे गुन्हे नोंदवले गेले, अटका झाल्या. जागतिक संस्थांना बहुतेक देशांच्या न्यायालयांत खेचताच येत नाही. कच्छच्या मुंद्रा किनाऱ्यावरील औष्णिक वीज प्रकल्पाला जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. प्रकल्पाच्या गरम पाण्याने मासळी गेली, राखेने मिठागरे आणि वाड्या खराब झाल्या, अशी तक्रार घेऊन तिथले मच्छीमार आणि शेतकरी २०१५ मध्ये थेट वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयांनी महामंडळाच्या अभयाकडे बोट दाखवले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की असे अभय निरपवाद नाही. पुढे मूळ कृत्य अमेरिकेत घडले नाही या मुद्द्यावर कोळी बांधव हरले आणि २०२२ मध्ये तो दरवाजा बंद झाला. तरी पाऊण शतक भक्कम वाटलेल्या भिंतीला पहिली भेग पाडली ती अर्थतज्ज्ञांनी नव्हे. आपल्या पाचूबंदर-अर्नाळ्याच्या होडीवाल्यांचे हे सख्खे भाऊ.

तसेच नर्मदेचे. सरदार सरोवरासाठी बँकेने १९८५ मध्ये, योगायोगाने तेवढ्याच, ४५ कोटी डॉलरचा करार केला. महाराष्ट्रातील अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे बुडणाऱ्या गावांतले पहिले. तिथल्या आदिवासींनी आणि मेधा पाटकर यांच्या सहकाऱ्यांनी जो लढा दिला, फेरकुव्याला उपोषणे केली, त्यामुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांचा स्वतंत्र आयोग नेमावा लागला. जून १९९२ मध्ये आयोगाने पुनर्वसनाच्या कामावर कठोर ताशेरे ओढले आणि बँकेने मागे सरावे असे सांगितले. मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज भारत सरकारने स्वतःच सोडले. सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेला तपासणी मंडळ स्थापन करणे भाग पडले, ज्याच्याकडे बाधित माणसे आपल्या सरकारला न विचारता तक्रार करू शकतात. १९९४ मध्ये नेपाळच्या अरुण प्रकल्पाविषयी त्याच्याकडे पहिली तक्रार गेली आणि पुढल्या वर्षी बँकेने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. सरदार सरोवर मात्र बांधले गेलेच आणि मणिबेली बुडाली. मंडळाला आज्ञा करण्याचा अधिकार नाही, तेही खरे. पण एखाद्या बदनामीतून नियम जन्माला आल्याचे हे खरेखुरे उदाहरण आहे, आणि त्या नियमाची किंमत आपल्याच राज्यातल्या भिल्ल-पावरा कुटुंबांनी मोजली. २०२१ च्या प्रकरणात बाधित माणसे दाराशी उभी नव्हती, म्हणून ते खुर्चीच्या चर्चेवर संपले.

येथे कोणी म्हणेल, धर्मगुरूंनी हिशेबाच्या वह्यांत तोंड घालू नये, विशेषतः व्हॅटिकनचा स्वतःचा हिशेब आठवला तर. आक्षेपाचा पूर्वार्ध आम्ही मानत नाही. उत्तरार्ध मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. बॅन्को अँब्रोसियानो १९८२ मध्ये बुडाली, तिचे प्रमुख रोबेर्तो काल्व्ही लंडनच्या एका पुलाखाली मृतावस्थेत सापडले. तिच्याशी व्हॅटिकनच्या बँकेचे लागेबांधे होते आणि १९८४ मध्ये धनकोंना सुमारे २४ कोटी डॉलर द्यावे लागले. १९८७ मध्ये त्या बँकेचे प्रमुख आर्चबिशप मार्सिंकस यांच्यावर इटलीत अटकेचे वॉरंट निघाले, ते व्हॅटिकनच्या सार्वभौमत्वाच्या आधारे रद्द झाले. म्हणजे आज आम्ही ज्या अभयावर टीका करतो त्याच अभयाखाली आपलीही पेढी उभी होती. पुढचा प्रवास मात्र सांगण्याजोगा आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० मध्ये आर्थिक देखरेखीचे प्राधिकरण नेमले, बाहेरच्या युरोपीय निरीक्षकांना वह्या दाखवल्या गेल्या, हजारो खाती बंद झाली. ३० एप्रिल २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कायदा बदलला आणि कार्डिनलांवरही व्हॅटिकनच्या साध्या न्यायालयात खटला चालू शकेल असे केले. डिसेंबर २०२३ मध्ये कार्डिनल बेच्यू यांना लंडनमधील मालमत्तेच्या खटल्यात साडेपाच वर्षांची शिक्षा झाली; आपण निर्दोष असल्याचे सांगून त्यांनी अपील केले. लांच्छन मिटले असे आम्ही म्हणत नाही. परंतु उच्चपदस्थाला न्यायासनासमोर उभे करणारा कायदा जगातील सर्वांत जुन्या दरबाराला करता आला, तर ऐंशी वर्षांच्या नाणेनिधीला तो झेपणार नाही, हे आम्हाला पटत नाही.

दुसऱ्या बाजूला आमचे काही डावे मित्र आहेत. त्यांचे म्हणणे, या संस्था मोडून टाकाव्यात. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने मुंबईहून लंडनला धाडून गहाण ठेवावे लागले होते, ते दिवस आमच्या पिढीने पाहिले आहेत. अशा वेळी निधी नसता तर देश कोणाच्या दारात गेला असता? खाजगी रोखेदारांच्या. आणि ते रोखेदार श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये हात वर केल्यावर किती सबुरीने वागले, हे त्या बेटावरच्या लोकांना विचारावे. गावची सोसायटी नीट चालत नाही म्हणून ती बंद करा, असे सावकारच म्हणत असतो.

सुधारणा शक्य आहे, याचा पुरावा आमच्याच समाजाच्या संग्रही आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये २००० च्या ज्युबिली वर्षानिमित्त गरीब देशांच्या कर्जाचा प्रश्न उभा केला, तेव्हा त्याला भाबडेपणा म्हटले गेले. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातील योबेल वर्ष म्हणजे अर्थशास्त्र नव्हे, असे आम्हाला सुनावण्यात आले. मग धर्मग्रामा-धर्मग्रामातून सह्या गोळा झाल्या, दोन कोटींहून अधिक, आणि त्यानंतरच्या वर्षांत तीसहून अधिक देशांची मिळून शंभर अब्ज डॉलरच्या घरातील कर्जे माफ झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठे कर्ज थकलेल्या देशांकडून घेतला जाणारा अधिभार निधीने कमी केला, ऋणको देशांची वर्षाला सुमारे १.२ अब्ज डॉलरची बचत झाली. तीही वर्षानुवर्षांच्या ओरडीनंतर. त्याच वर्षी आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालील देशांना मंडळात तिसरी जागा मिळाली. ही पावले लहान आहेत. २०२५ च्या ज्युबिलीसाठी पोप फ्रान्सिस यांनी पुन्हा कर्जमाफीची हाक दिली, जोसेफ स्टिगलिट्झ व मार्टिन गुझमन यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचा अहवाल मागवला, आणि तो निघण्यापूर्वीच, एप्रिल २०२५ मध्ये, ते प्रभूघरी गेले. आरोग्यावर किंवा शिक्षणावर करतात त्याहून अधिक खर्च व्याजावर करणाऱ्या देशांत ३३० कोटी माणसे राहतात, असे संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये सांगितले. ज्युबिलीचे दार ६ जानेवारी २०२६ रोजी मिटले. या वेळी आपल्या धर्मग्रामांतून किती सह्या गेल्या, ते आमच्या वाचकांनीच सांगावे.

मागायचे काय, हे अवघड नाही. निधीची घटना बदलायची तर ८५ टक्के मतांबरोबर तीन पंचमांश सदस्य देशांचीही संमती लागते. म्हणजे पैशाचे वजन आणि माणसांची संख्या दोन्ही मोजण्याची रीत त्या घटनेत आधीच आहे. तीच रीत प्रमुखाच्या निवडीला लावा. ज्याचे गुण द्यायचे त्याच्याकडून भांडवल घेणाऱ्या विभागाच्या हाती गुणपत्रिका ठेवू नका. तपासणी मंडळाच्या निष्कर्षांना आज्ञेचे बळ द्या.

आणि हे मागायचे कोणाकडे? निधीच्या मंडळावर भारताचा जो संचालक बसतो तो भारताबरोबर बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान यांच्याही वतीने बोलतो. यांपैकी दोन देश निधीचे ऋणको आहेत. आपले अर्थमंत्री निधीच्या गव्हर्नर मंडळावर असतात. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी पूर्ण विश्वासाचा तो ठराव झाला, तेव्हा आपल्या प्रतिनिधीने या चार देशांतील दीडशे कोटींहून अधिक लोकांच्या वतीने काय भूमिका मांडली, हा प्रश्न संसदेत विचारण्याचा अधिकार आपल्या खासदारांना आहे. मते मागायला ते प्रत्येक निवडणुकीत आपल्या चर्चच्या आवारात येतात. या खेपेला त्यांच्या हाती हाराबरोबर हा प्रश्नही लिहून द्यावा.